पाऱ्याच्या पाठीवर बसून आलेलं सोनं

माझ्या मावशीची सोन्याची अंगठी एकदा आमच्या डोळ्यांदेखत पांढरी झाली.

मी तेव्हा सातवीत होते. धाकट्या भावाला ताप आला होता. ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर झटकताना मावशीच्या हातून निसटला आणि फरशीवर टचकन फुटला. आतला पारा बाहेर आला. त्याचे मोहरीएवढे, साबुदाण्याएवढे, अगदी खसखशीएवढे चकचकीत गोळे खोलीभर पळू लागले. एकाला टिचकी मारली की त्याचे चार व्हायचे, दोन जवळ आले की पटकन एक व्हायचे. मावशीने ते सगळे बोटांनी गोळा करून कागदावर घेतले. आणि मग ती ओरडलीच. तिच्या बोटातली पिवळीधमक अंगठी चांदीसारखी पांढरी पडली होती! तिने ती साबणाने धुतली, चिंचेने घासली, पदराने खसाखसा पुसली. पांढरेपणा काही जाईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीतल्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी अंगठीकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "पारा लागला का हो, ताई?" मग आम्हा मुलांना दुकानाबाहेर पिटाळून ते मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने अंगठी घेऊन आले, तर ती पुन्हा पिवळी! "पारा उडाला, सोनं राहिलं," असं म्हणून त्यांनी ती मावशीच्या हातावर ठेवली.

मावशीने केलं ते तुम्ही मात्र कधीही करू नका. पाऱ्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. का, ते पुढे येईलच.

पारा उडाला, सोनं राहिलं. एवढ्या चार शब्दांवर एकेकाळी युरोपातले राजवाडे झळकत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

लंडनमध्ये वॉलेस कलेक्शन नावाचं एक संग्रहालय आहे. तिथे एक धूपपात्र आहे. उंची साधारण अर्धा मीटर, म्हणजे तुमच्या गुडघ्याएवढी. वर तांबूस झाक असलेल्या जास्पर नावाच्या कठीण दगडाचा गुळगुळीत वाडगा. तो वाडगा तीन पायांच्या सोनेरी तिवईवर बसवलेला आहे. पाय खाली पाहिले तर बकरीच्या खुरांचे. वर पाहिलं तर तिन्ही पायांवर सॅटरची तोंडं. सॅटर म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड. त्यांच्या अवतीभवती द्राक्षांचे वेल. आणि तीन पायांच्या बरोबर मधोमध एक साप वेटोळं घालून वर चढतोय.

आता सगळं विसरून फक्त सोन्याकडे बघा. ते सगळीकडे सारखं नाही! काही भाग आरशासारखा चमकतो. काही भाग पिकलेल्या जर्दाळूच्या सालीसारखा मऊ, मंद दिसतो, त्यावर उजेड पडतो आणि तिथेच मुरतो. एकच धातू, एकच रंग, पण कातडी वेगळी, पान वेगळं, केस वेगळे. ही जादू करणारा माणूस होता पिएर गुतिएर.

गुतिएरचा जन्म १७३२ सालचा, फ्रान्समधल्या बार-स्युर-ओब नावाच्या छोट्या गावातला. वडील घोड्यांची खोगिरं बनवायचे. मुलगा पॅरिसला गेला, धातूवर सोन्याचा मुलामा द्यायचं काम शिकला आणि १७५८ साली त्या धंद्यात उस्ताद म्हणून त्याची नोंद झाली. त्या काळी पॅरिसमध्ये धंद्यांचे नियम कडक होते. धातू ओतणाऱ्या ओताऱ्यांची संघटना वेगळी, मुलामा देणाऱ्यांची वेगळी. याने त्याच्या कामात हात घालायचा नाही. १७७६ मध्ये त्या दोन संघटना एक झाल्या, तोवर हे असंच चाललं.

मग हे सॅटर, हे खूर, ही तिवई फ्रान्समध्ये आली कुठून? जमिनीखालून!

इटलीत व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. सन ७९ मध्ये तो फुटला आणि पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही दोन रोमन गावं राखेखाली गाडली गेली. जवळजवळ १७०० वर्षं ती तशीच निजून होती. हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ साली सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ साली. खाली काय सापडलं? भिंतींवरची चित्रं, दिवे, भांडी, पुतळे, आणि हो, प्राण्यांच्या पायांच्या तिवयासुद्धा. या वस्तूंच्या चित्रांचे मोठाले ग्रंथ १७५७ पासून छापले जाऊ लागले. ते युरोपभरच्या श्रीमंतांच्या घरी पोचले आणि सगळ्यांना वेड लागलं. त्याआधी शिंपल्यांसारखी, लाटांसारखी वेडीवाकडी वळणं लोकांना आवडायची. आता सरळ खांब, गोल माळा, नीट मापातले वाडगे हवेसे झाले. जुन्या ग्रीक आणि रोमन वस्तूंवरून घेतलेल्या या नव्या शैलीला नवअभिजात शैली म्हणतात.

पण बघा हं, गुतिएरच्या तिवईसारखी हुबेहूब तिवई कुठल्याही रोमन घरात नव्हती. फ्रेंच कारागिरांनी जुन्यातला एकेक तुकडा उचलला आणि त्यातून स्वतःचं नवं काही जुळवलं. मला तेच फार आवडतं.

हे धूपपात्र बनवून घेतलं ओमाँच्या ड्यूकने. हा फ्रेंच दरबारातला फार मोठा माणूस. राजाच्या महालातले समारंभ, नाटकं, आतषबाजी, पोशाख या सगळ्याची व्यवस्था बघणाऱ्या खात्यावर त्याचा अधिकार चालायचा, आणि गुतिएर त्याच खात्यासाठी काम करायचा. ड्यूकला दुर्मिळ दगडांचा नाद होता. नाद म्हणजे कसला? आपल्यातलं कुणी रंगीत गारगोट्या जमवतं ना, तसाच, फक्त त्याच्या गारगोट्या जास्परच्या, पॉर्फिरीच्या आणि हिरव्या संगमरवराच्या असायच्या. दगड इतके कठीण की ते कापायला, घासून गुळगुळीत करायला त्याने खास कारखानाच घातला होता. आणि असा दगड तयार झाला, की त्याला कोंदण करायचं काम गुतिएरचं. हिऱ्याला अंगठी असते, तशी या वाडग्यांना सोनेरी तिवई.

तुम्ही विचाराल, एवढा श्रीमंत माणूस, मग तिवई अस्सल सोन्याचीच का नाही केली? दोन कारणं. पहिलं तुम्हीच तपासा. एक लिटरची पाण्याची बाटली उचलून बघा. पाण्याचं वजन एक किलो. तेवढ्याच जागेत सोनं भरलं तर ते १९ किलोपेक्षा जास्त भरेल! दुसरं म्हणजे शुद्ध सोनं मऊ असतं. त्याचे नाजूक पाय जड दगडाखाली वाकतील. म्हणून खालचा धातू तांब्याचा, त्यात जस्त मिसळलेलं. या वस्तूंना लोक ब्राँझच्या म्हणतात, पण पुष्कळदा ते आपल्या घरच्या समईच्या पितळेचं सख्खं भावंडच असतं. त्यावर वरून फक्त सोन्याचा पापुद्रा. किती जाड? काही मायक्रॉन. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता कल्पना करा!

हा पापुद्रा चढवायचा कसा? चला, गुतिएरच्या काळातल्या कारखान्यात जाऊ. फक्त दारापाशी उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही.

आधी कुणीतरी चित्र काढतं, बहुतेक वेळा एखादा वास्तुविशारद. त्यावरून मेणाचा किंवा मातीचा नमुना होतो. त्याचा साचा करून ओतारी त्यात वितळलेला धातू ओततो. साच्यातून निघालेला तुकडा खडबडीत, भोकाभोकांचा, भाजलेल्या वांग्यासारखा ओबडधोबड असतो. मग बसतो ठोकणारा कारागीर, लहानशी हातोडी आणि ढीगभर छिन्न्या घेऊन. कुठली टोकदार, कुठली बोथट, कुठलीच्या टोकावर बारीक ठिपके. टुक टुक टुक. पानाची एकेक शीर, सॅटरच्या दाढीचा एकेक केस, सापाचा एकेक खवला. हे काम आठवडेच्या आठवडे चालायचं. १७७१ साली आव्हिन्यों शहराने एका सरदाराला भेट म्हणून मोठं सोनेरी घड्याळ करवून घेतलं. त्याचा मूळ नमुना घडवणाऱ्या शिल्पकारापेक्षा गुतिएरला कितीतरी जास्त पैसे मिळाले. खरी मेहनत कुठे आहे ते पैसे देणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तेही घड्याळ आज वॉलेस कलेक्शनमध्येच आहे.

आणि आता मुलामा.

शुद्ध सोन्याचा पत्रा करून त्याचे बारीक तुकडे करायचे. मूस विस्तवावर लाल होईपर्यंत तापवायची. त्यात सोनं टाकायचं आणि वर पारा. किती? सोन्याच्या एका भागाला पाऱ्याचे सुमारे आठ भाग. लोखंडी कांडीने ढवळायचं. आणि काय होतं माहितीये? सोनं दिसेनासं होतं! चहात साखर विरते तसं ते पाऱ्यात विरतं. हे मिश्रण पाण्यात ओतून गार करायचं, मऊ कमावलेल्या कातड्यात बांधायचं आणि पिळायचं. आपण चक्का करताना फडक्यात दही बांधून पिळतो ना, अगदी तसं. कातड्याच्या छिद्रांतून जास्तीचा पारा बाहेर टपकतो आणि आत उरतो लोण्याचा गोळा. रंग पांढुरका. बोटाने दाबला तर दबणारा, थोडासा कुरकुरणारा. कुणाला सांगून खरं वाटणार नाही, की यात सोनं आहे.

मावशीच्या अंगठीत हेच झालं होतं. अंगठीच्या वरच्या थरात पारा शिरला होता. तिच्या अंगठीला तो चुकून भेटला, इथे मुद्दाम भेटवलाय.

आता हा गोळा धातूला लागायला हवा. त्यासाठी धातू अगदी स्वच्छ पाहिजे. कल्हईवाला भांड्याला कल्हई करण्याआधी नवसागर टाकून ते खसखसून पुसतो, तुम्ही पाहिलं असेल किंवा आजीकडून ऐकलं असेल. कथील मळक्या तांब्याला चिकटत नाही. सोन्याचंही तसंच. म्हणून वस्तू आम्लात बुडवायची, घासायची, मग पारा विरघळवलेल्या आम्लाचा हलका हात द्यायचा. त्याने धातूवर पाऱ्याची एक पातळ साय धरते. त्या सायीला सोन्यापाऱ्याचं लोणी झटकन धरतं. पितळी तारांच्या ब्रशने ते लोणी फासायचं, पाकळीच्या आत, केसांच्या मध्ये, सगळीकडे सारखं.

आणि मग वस्तू धरायची निखाऱ्यावर.

पारा उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला. सोनं वितळतं १०६४ अंशांना. मधे केवढं अंतर आहे बघा! निखारा एवढाच हवा, की पाऱ्याला राहवणार नाही आणि सोन्याला काही वाटणार नाही. कारागीर वस्तू फिरवत राहतो, ब्रशने थापटत राहतो. पांढरट रंग हळूहळू फिका पिवळा होतो. पारा वाफ होऊन निघून जातो आणि ज्याला पाठीवर घेऊन तो प्रत्येक खोबणीत शिरला होता, ते सोनं तिथेच धातूला घट्ट धरून राहतं. जाड थर हवा असेल तर पुन्हा लोणी, पुन्हा निखारा.

शेवटी ओप. जिथे आरसा हवा तिथे अकीकासारख्या गुळगुळीत कठीण दगडाने घोटायचं. जिथे मंद, मखमली सोनं हवं तिथे सोरा, तुरटी आणि मीठ यांचं मिश्रण लावून तापवायचं आणि चुर्रकन पाण्यात बुडवायचं. या मंद मुलाम्यात गुतिएरचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचं एवढं कौतुक का व्हायचं? कारण तेव्हा विजेचे दिवे नव्हते. राजवाड्यातही रात्री मेणबत्त्या. मेणबत्तीची ज्योत हलते. ती हलली की घोटलेल्या सोन्यावर ठिणग्या नाचतात आणि मंद सोनं शांत उजळून राहतं. सापाच्या पाठीवरचे खवले सरपटताहेत असं वाटतं. या वस्तू पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बघायच्या नव्हत्याच मुळी.

या मुलाम्याला इंग्रज लोक ऑर्मोलू म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ दळलेलं सोनं.

गुतिएरकडे काम सांगायला येणाऱ्यांची यादी वाचली तर इतिहासाचं अर्धं पुस्तक होईल. राजा पंधराव्या लुईची लाडकी मादाम द्यु बारी हिने लुव्हसिएन इथे एक सुंदर मंडप बांधला. त्याच्या खिडक्यांच्या मुठीसुद्धा गुतिएरने घडवल्या. एका मुठीवर फुलापानांत गुंफलेली तिच्या नावाची आद्याक्षरं आहेत. खिडकीची मूठ! रोज उघडताना हाताला लागणारी, लिंबाएवढी वस्तू, आणि तिच्यावर एवढा जीव ओतलेला. ओमाँच्या ड्यूकची सून, माझारँची डचेस, हिच्यासाठी त्याने १७८१ साली निळ्या संगमरवराच्या टेबलाला सोनेरी साज चढवला. ते टेबल आज न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये आहे. राणी मारी आंत्वानेतच्या महालांतही त्याचं काम गेलं.

१७८२ मध्ये ड्यूक वारला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. लिलावाची यादी छापली होती. गुतिएरने केलेल्या वस्तूंसमोर त्या यादीत त्याच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. कारागिराच्या नावामुळे वस्तूची किंमत वाढते, हे तेव्हा फार क्वचित घडायचं. राजा सोळाव्या लुईने पन्नासएक वस्तू घेतल्या, लूव्हरमध्ये पुढे संग्रहालय करायचं त्याच्या मनात होतं. आणि आपलं धूपपात्र? ते राणीने घेतलं, १२,००० लिव्ह्र देऊन. लिव्ह्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन. पॅरिसमधल्या मजुराला तेव्हा दिवसाला साधारण सव्वा लिव्ह्र मिळायचं. करा बरं भागाकार. ९,६०० दिवस! एकही सुट्टी न घेता २६ वर्षांहून जास्त काम केलं आणि एक पैसाही खर्च केला नाही, तर त्या मजुराला एक धूपपात्र घेता आलं असतं.

आता तुम्हाला वाटेल गुतिएर मोठा धनवान झाला असेल. नाही झाला. सरदार मंडळी वस्तू लगेच न्यायची, पैसे मात्र सवडीने द्यायची. कधी वर्षांनी, कधी कधीच नाही. इकडे सोनं आणि पारा तर रोखीने आणावा लागायचा, कामगारांना पगार द्यावा लागायचा. १७८७ साली त्याचं दिवाळं निघालं. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली. मादाम द्यु बारीकडून त्याचं फार मोठं येणं बाकी होतं, पण १७९३ च्या डिसेंबरात तिचाच शिरच्छेद झाला. राणीचा तर त्याआधीच झाला होता. ज्यांच्यासाठी आयुष्यभर राबला ती माणसंच उरली नाहीत. १८१३ साली पॅरिसच्या एका आश्रमात हा एवढा मोठा कलावंत गरिबीत वारला. ही गोष्ट वाचल्यावर मला दोन दिवस चैन पडलं नव्हतं.

इंग्लंडात याच काळात मॅथ्यू बोल्टन नावाच्या कारखानदाराने फ्रेंचांना टक्कर द्यायचं ठरवलं. बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे त्याचा कारखाना होता. बटणं, बकलं अशा बारीकसारीक वस्तू तिथे व्हायच्या. डर्बीशायरमध्ये जांभळ्यापिवळ्या पट्ट्यांचा एक सुंदर दगड मिळतो, ब्लू जॉन. त्याचे कलश करून बोल्टनने त्यांना सोनेरी मुलाम्याचा साज दिला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांनी १७७० साली त्याच्याकडे काम दिलं. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिनेही त्याचे कलश घेतले. नाव झालं, पण नफा काही होईना. मग बोल्टन दुसरीकडे वळला. १७७५ मध्ये त्याने जेम्स वॉटशी भागीदारी केली. हो, तोच, वाफेच्या इंजिनवाला!

पुढे त्या वाफेच्या जोरावर बोल्टनने सोहोमध्ये नाणी पाडायची टांकसाळ काढली. आणि १७९१ साली तिथे तांब्याची नाणी पडली, ती कुणासाठी? आपल्या मुंबईसाठी! ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यात वापरायला. एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि साल, दुसऱ्या बाजूला तराजू, आणि तराजूच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत 'अदल' म्हणजे न्याय हा शब्द. राजाराणीच्या दिवाणखान्यातले कलश करणाऱ्याच्याच कारखान्यातली नाणी मुंबईच्या बाजारात भाजीवाल्याच्या हातात खुळखुळत होती. कुणाच्या आजोबांच्या जुन्या नाण्यांच्या डब्यात तराजूचं तांब्याचं नाणं असेल तर साल नक्की बघा.

आता आपण दारापाशीच का उभे राहिलो, ते सांगते.

निखाऱ्यावरून उडालेला पारा गेला कुठे? तो नाहीसा झाला नव्हता. तो खोलीतल्या हवेत होता. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो, ती डोळ्यांना दिसत नाही. कारागीर वस्तूवर वाकून काम करायचा आणि प्रत्येक श्वासाबरोबर पारा छातीत घ्यायचा. छातीतून रक्तात, रक्तातून मेंदूत. आधी हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. मग हात थरथरायला लागायचे. विचार करा, ज्या माणसाचं सगळं कसब हातात, त्याचेच हात थरथरताहेत. घास तोंडापर्यंत नेता येत नाही. कितीतरी जण तरुणपणीच गेले. त्यांच्या नावांचं अक्षर कुठल्या यादीत छापलेलं नाही.

पण एका माणसाला ते दिसत होतं. आंद्रे-आंत्वान राव्रिओ हा पॅरिसमधला ब्राँझच्या वस्तूंचा मोठा कारखानदार. आपल्या कामगारांचं काय होतं ते त्याने आयुष्यभर पाहिलं. १८१४ साली तो वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात ३,००० फ्रँक बाजूला ठेवलेले होते. कशासाठी? मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याची युक्ती जो शोधेल त्याला बक्षीस म्हणून. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने ते बक्षीस जाहीर केलं आणि दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते मिळवलं. त्याचा प्रबंध १८१८ साली छापला गेला.

दार्सेची युक्ती तुम्हालाही सुचली असती, इतकी साधी. गरम हवा हलकी होते आणि वर जाते, हे तुम्ही शिकलाय. दार्सेने कामाच्या भट्टीवर मोठा झाकणासारखा आडोसा केला आणि तो उंच धुराड्याला जोडला. पण एवढ्याने भागत नाही, थंड धुराडं हवा ओढत नाही. म्हणून त्याने त्याच धुराड्याला जोडून दुसरी एक छोटी चूल पेटवली. तिने धुराडं तापलं, आतली हवा सुसाट वर जाऊ लागली, आणि तिच्या जागी खोलीतली हवा कामगाराच्या पाठीकडून भट्टीकडे वाहू लागली. पाऱ्याची वाफ नाकाकडे येण्याऐवजी उलटी निघून गेली. ना नवं रसायन, ना मोठं यंत्र. नुसता वारा कुठून कुठे वाहतो, याचा विचार.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर वस्तू ती दुसरी छोटी चूल आहे. धूपपात्रापेक्षाही.

अर्थात धुराड्यातून वर गेलेला पारा शेवटी शहराच्याच हवेत जायचा. पाऱ्याची गरजच संपवणारी युक्ती आली १८४० साली, पुन्हा त्याच बर्मिंगहॅममध्ये. एल्किंग्टन नावाच्या दोघा चुलतभावांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. सोन्याचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात वस्तू बुडवायची, वीज सोडायची, की सोन्याचे कण वस्तूवर जाऊन बसतात. बाजारात मिळणारी एक ग्रॅमची ठुशी, एक ग्रॅमच्या बांगड्या बघा. त्यांच्यावरचं सोनं याच पद्धतीने चढलेलं असतं.

मग एखादी सोनेरी वस्तू खरोखर जुनी, निखाऱ्यावर मुलामा दिलेली आहे की नंतर विजेने केलेली नक्कल, हे संग्रहालयवाले कसं ओळखतात? ते तिच्यावर क्ष-किरण सोडतात. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक किरण परत सोडतं, जणू हजेरी देतं. सोनं हजर, तांबं हजर, जस्त हजर. आणि वस्तू निखाऱ्यावरची असेल तर अजून एक जण हजर असतो. कारागिराने कितीही तापवलं तरी थोडासा पारा सोन्यात अडकून राहिलेलाच असतो, अडीचशे वर्षांनंतरही.